कोकणाबद्दल ऑनलाइन लिहून, दाखवून कमवायचंय? या चुका टाळा

जूनचा दुसरा आठवडा. सकाळीच देवबागच्या वहिनींचा फोन. माझ्या वेबसाईटवरचं पान वाचून सांगलीचं एक कुटुंब त्यांच्याकडे उतरलं होतं आणि मालवणच्या जेटीवर जाऊन हात हलवत परत आलं होतं. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या, समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतोय आणि मधे उधाणलेला दर्या. "काय गो, पावसात होडी बंद असता म्हणान लिवलंस नाय? आजीक शिवराजेश्वराचा देऊळ बघूचा होता."

मी पान उघडून पाहिलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला झालेली सिंधुदुर्गाची पायाभरणी होती, शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसा होता, राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरावर दोन परिच्छेद होते. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणारी होडी बंद असते, ही एक ओळ तेवढी नव्हती. त्या महिन्यात ते पान भरपूर वाचलं जात होतं, जाहिरातींचे पैसेही येत होते. आणि ऐंशीच्या घरातली एक आजी सात-आठ तासांचा प्रवास करून जेटीवरून नुसता नमस्कार करून परतली होती.

गेल्या काही वर्षांत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. त्यातल्या बहुतेक या एकाच जातीच्या निघाल्या. मी लिहीत होते ते गर्दीसाठी. एक माणूस हे वाचून उद्या पिशवी भरून निघणार आहे, हे डोळ्यांपुढे नव्हतं. पैशाचं गणितही तिथेच बिघडतं. कसं, ते सांगते.

शिळी माहिती तशीच ठेवणं

कोकणावरची माहिती फार लवकर शिळी होते. इथलं निम्मं जगणं पावसावर चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून जुलैत येणाऱ्याला 'रोज ताजी सुरमई' सांगणं ही फसवणूक आहे. खाडीतली मासळी, गोडी सुकटीची आमटी, टाकळ्याची भाजी यांबद्दल लिहा, माणूस खूश होऊन जेवतो. रेल्वेचंही तेच. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. माझ्या एका पानावर पुढे कित्येक महिने १२० च होते. विरारच्या एका बाईंनी कळवलं तेव्हा दुरुस्त केले. तोवर किती जणांनी चार महिने आधी पहाटे उठून गाडी शोधली असेल, कोण जाणे.

आता मी वर्षातून दोनदा सगळी पानं हातावेगळी करते: मेच्या मध्यावर, पाऊस लागायच्या आत, आणि सप्टेंबरच्या शेवटी. होडी, गाड्या, दर, फोन नंबर, रस्त्याची कामं, एवढंच तपासायचं. पानाच्या अगदी वर तपासल्याची तारीख टाकते. नुसती तारीख बदलून आतला मजकूर तोच ठेवणारे बरेच आहेत. तसं करू नका. वाचणाऱ्याला एकदा फटका बसला की तो परत येत नाही, आणि परत येणाऱ्या वाचकांवरच आपलं घर चालतं.

हंगाम अंगावर आल्यावर लिहायला बसणं

पहिल्या वर्षी मी हापूसवर लिहिलं ते मेच्या पहिल्या आठवड्यात. झाडाखाली आंबा पडलेला, घरात अढी घातलेली, वास सुटलेला, तेव्हा सुचणारच. पण मुंबई-पुण्याच्या माणसाने पेटी कुणाकडून घ्यायची हे मार्चमध्येच ठरवलेलं असतं. शिवाय नवं पान शोधात वर यायला वेळ लागतो. माझं पान वर आलं तेव्हा पाऊस पडत होता.

आंब्याचं पान मोहोर येतो तेव्हा तयार हवं, नोव्हेंबर-डिसेंबरात. त्यात वाचकाला जे विचारायचं असतं तेच लिहा. देवगडचं नाव छापलेल्या पेटीत परराज्यातला आंबा भरला जातो, ते ओळखायचं कसं? 'हापूस'चं भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी मिळालं. तेव्हा बागायतदाराला त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. माझं हे एक पान दरवर्षी तीन महिने चालतं.

गणपतीचंही तसंच. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती. चाकरमानी दोन-तीन दिवस आधी निघतो, म्हणजे त्याची तिकिटाची धडपड जूनच्या शेवटच्या आठवड्यात. श्रावणात लिहायला घेतलंत तर वाचणारा आधीच प्रतीक्षा यादीत असतो.

घरच्यांना जाहिरातींवर क्लिक करायला सांगणं

ही चूक सगळ्यात महाग. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साठेक माणसं आहेत. पहिल्यांदा पानावर जाहिराती दिसल्या तेव्हा मी आनंदाने लिंक टाकली. एका भावोजींनी खाली लिहिलं, सगळ्यांनी रोज दोन-दोन जाहिराती दाबा, पोरीला हातभार लागेल. सगळ्यांनी मायेने दाबल्या. मीही नको म्हटलं नाही. पंधरा दिवसांत माझं जाहिरातींचं खातं बंद झालं, जमलेली रक्कम गेली. अर्ज केला, नाकारला गेला. नियम मी वाचले नव्हते, दोष माझाच. असं एकदा बंद पडलेलं खातं सहसा परत मिळत नाही आणि त्या नावावर नवंही उघडता येत नाही.

तेव्हा घरच्यांना आधीच नीट समजावून सांगा: वाचा, पुढे पाठवा, पण जाहिरातीला हात लावू नका. स्वतःच्या पानावरची जाहिरात 'चालते का बघू' म्हणूनही दाबू नका.

व्ह्यूज आहेत, पण पैसे येत नाहीत

हा प्रश्न मला गावातली पोरं सर्वाधिक विचारतात. कारणं बहुतेक वेळा कंटाळवाणी असतात, पण तीच नेमकी पाहायला हवीत.

ॲडसेन्समध्ये, म्हणजे पानांवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या सेवेत, १० डॉलर झाले की पत्ता तपासण्यासाठी पोस्टाने पिन येतो. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. मी पत्ता डोंबिवलीचा दिला होता आणि राहत होते गावी. पत्र तिकडे शेजाऱ्यांच्या बिलांत पडून राहिलं. गावचा पत्ता देत असाल तर पोस्टमनकाका ओळखतील असा द्या: घराचं किंवा घरधन्याचं प्रचलित नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका. नकाशावरचा 'अनामिक रस्ता' उपयोगाचा नाही. खात्यावरचं नाव, बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव एकच ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं घोडं इथेच अडतं. आणि १०० डॉलर पूर्ण होईपर्यंत पैसे निघतच नाहीत. झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंवर, १ कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा आपला असतो, शॉर्ट्सच्या वाट्यात ४५ टक्के. शॉर्ट्सचे पैसे आधी एकत्र जमा होतात आणि मग वाटले जातात. म्हणून तारकर्लीच्या लाटेचा पाऊण मिनिटाचा तुकडा लाखोंनी पाहिला तरी हातात चिल्लर येते, आणि घावने कसे घालायचे हे बारा मिनिटं शांतपणे दाखवणारा व्हिडिओ कमी माणसं पाहूनही जास्त देतो. शॉर्ट्स करू नका असं मी म्हणत नाही. त्यावर घर चालेल अशी आशा ठेवू नका.

अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरायचा राहिला नाही ना, तेही पाहा. तो भरला की भारत-अमेरिका करारानुसार फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईतून १५ टक्के कापले जातात. न भरल्यास जगभरातल्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. आपले प्रेक्षक बहुतेक परळ, कल्याण आणि आखातातले. त्यांच्या पैशातून ही कपात कशाला होऊ द्यायची?

शिमग्यातलं गाणं

पालखी नाचतेय, ढोल-ताशे घुमतायत, आणि मागच्या मंडपात भोंग्यावर सिनेमाचं गाणं लागलेलं. व्हिडिओ चढवला की तासाभरात त्या गाण्याच्या मालकाचा दावा येतो आणि त्या व्हिडिओची कमाई त्याच्याकडे जाते. दावा आणि स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून यूट्यूबने चॅनेलला दिलेला इशारा, यांत फरक आहे, हे घाबरून व्हिडिओ उडवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. दाव्याने चॅनेलला धोका नसतो. तेवढा तुकडा कापता येतो, त्याचा आवाज बंद करता येतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर मात्र चॅनेल जातं. सोपा उपाय म्हणजे ढोलाजवळ उभं राहून आवाज वेगळा टिपून ठेवा. दशावताराचं चित्रण तर मंडळीच्या मालकांना विचारल्याशिवाय करूच नका. रात्रभर नाचणाऱ्या माणसाचं पोट त्या खेळावर आहे.

दुसऱ्याच्या जमिनीत कलम लावणं

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. आमच्या बाजूच्या गावातला एक मुलगा मालवणीत फार गोड व्हिडिओ करायचा. एका रात्रीत त्याचं सगळं गेलं. एका फोनवर चित्रित केलेलं, त्याच ॲपवर ठेवलेलं, कुठेच प्रत नाही. कलम लावताना जमीन कुणाच्या नावावर आहे हे आपण सात-बारावर बघतो. इथे का बघत नाही?

स्वतःचं नाव असलेली वेबसाईट घ्या आणि ती स्वतःच्याच ईमेलवर नोंदवा. माझी पहिली साईट बनवून देणाऱ्याने डोमेन, म्हणजे साईटचं नाव, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो फोन उचलेनासा झाला, नूतनीकरणाची तारीख उलटली आणि दोन वर्षांचं लिखाण असलेला पत्ता दुसऱ्याच कुणी घेतला. आजच उघडून पाहा, तुमचं डोमेन कुणाच्या खात्यात आहे. फोटो आणि व्हिडिओंची एक प्रत घराबाहेर हवी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या माजघरात पाणी आलं, तेव्हा हार्डडिस्क कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती.

पानांचे पत्ते मराठीत ठेवू नका, रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची लांब शेपटी होते. लोकांना वाटतं लिंक फसवी आहे, कुणी उघडत नाही. जुन्या फॉन्टात टंकलेला मजकूरही आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणा, नाहीतर शोधणाऱ्याला तो सापडतच नाही.

फुकट राहून गोड लिहिणं

मराठी पानांवरच्या जाहिरातींचा दर कमी असतो. माझी खरी कमाई घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांसाठी फोटो काढून देणं, त्यांची माहिती नीट लिहून देणं, यातून होते. त्याचे मी ठरलेले पैसे घेते आणि पानावर तसं लिहिते. सुरुवातीला मात्र एका रिसॉर्टवर दोन दिवस फुकट राहून मी सगळं छान छान लिहिलं होतं. तिथलं पाणी खारट होतं, ते लिहिलं नाही. एका वाचकाने लहान बाळाला घेऊन जाऊन ते भोगलं. त्याचा फोन मी अजून विसरले नाही.

पैसे, वस्तू, मुक्काम, काहीही घेतलं असेल तर ते ठळक सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एकाकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीचा असा लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के टीडीएसही आहे. आगळ, कोकमं, मालवणी मसाला पानावरून विकणार असाल तर आधी अन्न सुरक्षा नोंदणी करा आणि तो क्रमांक पाकिटावर छापा.

जागा उघडी पाडणं

हे शेवटी लिहितेय, कारण याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरची, कातळशिल्पं आता सगळ्यांना माहीत झाली आहेत. कशेळीचा सुमारे १८ मीटरचा हत्ती, बारसू, उक्षी, आमच्या तालुक्यातलं कुडोपी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ती आली आणि सगळे कॅमेरे घेऊन निघाले. रेषा नीट दिसावी म्हणून खडूने गिरवतात, बुटांनी वर उभे राहतात. जांभा कठीण दिसतो, पण झिजतो.

मीही एका कमी माहितीतल्या सड्याचा नकाशा पानावर लावला होता. त्यावर लोक खूप यायचे. एप्रिलमध्ये तिथल्या जमिनीच्या मालकांनी, सत्तरीतल्या काकांनी, मला बोलावून नेलं. काही न बोलता बोट दाखवलं. माशाच्या आकृतीच्या डोळ्यावर कुणीतरी चूल मांडली होती. काळा डाग, अर्धवट जळलेली काटकी, कोंबडीची हाडं. आम्ही दोघांनी राख हातांनी गोळा केली. डाग राहिला.

घरी येऊन नकाशा काढला. त्या पानाचे वाचक निम्म्यावर आले. आता तिथे एवढंच लिहिलंय की पाहायचं असेल तर आधी गावात येऊन विचारा, चपला काढून चला, सोबत काका येतील, त्यांना दोनशे रुपये द्या. गेल्या हिवाळ्यात काकांनी सव्वीस गट नेले. प्रत्येक गटाची नावं ते एका वहीत लिहून ठेवतात.