खान्देशातील तरुण वकिलाने न्यायाधीशपदाची तयारी कशी करावी

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा लागू केली. त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये कायद्याची पदवी घेऊन थेट परीक्षेला बसण्याचा बेत अनेकांना बदलावा लागला. माझ्या मते या बदलाने उमेदवाराचे भलेच झाले आहे. मात्र ही तीन वर्षे तालुका न्यायालयात खरोखर काम करून काढली पाहिजेत.

आधी कागदपत्रांकडे लक्ष द्यावे. वकिलीचा काळ बार कौन्सिलकडील तात्पुरत्या नोंदणीपासून (अखिल भारतीय बार परीक्षेआधी मिळणाऱ्या) मोजला जातो. अनुभवाचे प्रमाणपत्र किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने द्यायचे असून, त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून कोणत्या प्रकरणात वकालतनामा (वकीलपत्र) दाखल केला आणि कोणत्या तारखेला काय काम चालले, याची वही ठेवावी.

काम निवडताना दिवाणी बाजू टाळू नये. आपल्याकडे बांध कोरल्याचे, वहिवाटीच्या रस्त्याचे आणि वाटणीचे दावे भरपूर असतात, आणि त्यातला ताबडतोबीचा वाद ‘निशाणी ५’ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, उभा राहतो. अशा अर्जाचा युक्तिवाद मागच्या बाकावर बसून पूर्ण ऐकावा. सातबारा उतारा, मोजणीचा नकाशा आणि शपथपत्रे यांचा मेळ कुठे बसतो व कुठे बसत नाही, हे टिपून घ्यावे. त्याच संध्याकाळी प्रथमदर्शनी प्रकरण, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान या तीन कसोट्यांवर स्वतः आदेश लिहून काढावा. न्यायालयाचा आदेश झाल्यावर त्याची नक्कल मिळवून दोन्ही शेजारी ठेवावेत. कारणे देण्याची शिस्त हाताला लागते ती याच सरावाने, आणि क्लासच्या नोट्समधून ती मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. रावेर-यावल भागातील केळीच्या व्यवहारातून येणारी धनादेश न वटल्याची प्रकरणेही अशीच वाचावीत: बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर रक्कम देण्यास १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, या तारखा सर्वांत आधी तपासण्याची सवय लावून घ्यावी.

साक्षीदार अहिराणीत, सातपुड्याच्या बाजूला पावरी किंवा भिलीत बोलतो आणि नोंद प्रमाण मराठीत होते. उलटतपासात त्याचे नेमके म्हणणे निसटू नये यासाठी कान तयार असणे हे खान्देशातील उमेदवाराचे मोठे बळ आहे.

परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. पूर्व परीक्षा १०० गुणांची, मुख्य परीक्षा १०० गुणांच्या दोन लेखी पेपरांची आणि मुलाखत ५० गुणांची असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले असले, तरी त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते. हाच न्यायाधीश दंडाधिकारी म्हणूनही बसतो, आणि त्याच्या बोर्डावर (त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीवर) दोन्ही प्रकारची प्रकरणे एकाच दिवशी येत असल्याने कलमांचे जुने-नवे तक्ते नुसते पाठ करणे पुरेसे नाही. नव्या संहितेतील इलेक्ट्रॉनिक समन्स आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून घेतला जाणारा पुरावा यांचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा.

निवडीनंतर प्रशिक्षण होते, आणि किमान एक वर्षाच्या प्रशिक्षणाशिवाय न्यायदानाचे काम देऊ नये असेही २०२५ च्या निकालात म्हटले आहे. अनुच्छेद २३५ नुसार नेमणूक-बदलीचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असते. त्यामुळे शहाद्याच्या माणसाला राज्यात कुठेही जावे लागेल, याची घरात आधीच बोलणी करून ठेवावी.

पुढची वाटही आता रुंदावली आहे. जिल्हा न्यायाधीशपदासाठी मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेचा (सेवेतील न्यायाधीशांसाठीच्या परीक्षेचा) वाटा १० टक्क्यांवरून पुन्हा २५ टक्के झाला. शिवाय ९ ऑक्टोबर २०२५ च्या घटनापीठाच्या निकालानुसार वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षे भरलेला अधिकारी, वयाची ३५ वर्षे पूर्ण झाली असल्यास, थेट भरतीतही उतरू शकतो. वार्षिक गोपनीय अहवालात निकालपत्रांचा दर्जा पाहिला जातो. तेव्हा पहिल्या नेमणुकीपासूनच आपल्या निवडक निकालपत्रांची फाईल तारीखवार लावून ठेवावी.