स्वस्त मिडी फूट कंट्रोलरने गिटारचे इफेक्ट पायाखाली कसे आणावेत

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये गिटार वाजवणारे अनेक जण आता मोठा अ‍ॅम्प न ठेवता लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) आणि हेडफोन यांवरच सराव करतात, कारण भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात रात्री दहानंतर दुसरा पर्याय उरत नाही. इफेक्टची वानवा नसते. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखे प्लगइन, म्हणजे लॅपटॉपवर आवाज घडवणारे छोटे सॉफ्टवेअर, तर विनामूल्य मिळते. अडचण येते ती सोलोच्या तोंडावर, जेव्हा डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) सुरू करण्यासाठी हात तारांवरून उचलून माउसकडे न्यावा लागतो आणि तेवढ्यात मात्रा निघून जाते. मिडी ही संगीत-उपकरणांनी एकमेकांना आज्ञा पाठवण्याची सामाईक भाषा आहे. ती बोलणारा, पायाने दाबायच्या स्विचांचा मिडी फूट कंट्रोलर ही अडचण कमी खर्चात सोडवतो.

कंट्रोलरमधून गिटारचा आवाज जातच नाही. टीव्हीच्या रिमोटसारखा तो केवळ आज्ञा पाठवतो. आवाज घडतो तो प्लगइनमध्ये किंवा इफेक्ट प्रोसेसरमध्ये. म्हणूनच या एका वस्तूवर पैसे वाचवल्याने टोन बिघडत नाही, आणि ते वाचलेले पैसे चांगल्या इंटरफेसवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते. स्वस्त कंट्रोलर निवडताना पाहायचे ते एवढेच की स्विच भक्कम आहेत का, दोन स्विचमध्ये बुटासकट पाऊल मावेल एवढे अंतर आहे का, आणि जोडणी आपल्या उपकरणाशी जुळते का.

बहुतेकांचे पैसे वाया जातात ते या जोडणीपायी. मिडीचे मानक १९८३ सालचे आहे आणि त्याची मूळ जोडणी पाच पिनांच्या गोल केबलची आहे. एकाचा आउट दुसऱ्याच्या इनमध्ये लावला की काम होते. यूएसबीचे तसे नाही. तेथे एक बाजू होस्ट, म्हणजे जोडणी चालवणारी, असावीच लागते. लॅपटॉप होस्ट असतो, ओटीजी अडॅप्टर लावलेला फोनही असतो, परंतु स्वस्त कंट्रोलर आणि बहुतेक इफेक्ट प्रोसेसर हे दोघेही होस्ट नसल्यामुळे त्यांना एकमेकांशी यूएसबीने थेट जोडल्यास काहीही घडत नाही. बेहरिंगर एफसीबी १०१० या जुन्या कंट्रोलरवर १०० प्रीसेट (जतन केलेल्या सेटिंगचे संच) आणि दोन एक्स्प्रेशन पेडल (पायाने मागेपुढे झुकवून मूल्य बदलणारी) आहेत, पण यूएसबी नाही, म्हणून लॅपटॉपसाठी वेगळा मिडी इंटरफेस घ्यावा लागतो. याउलट एम-व्हेव्ह चॉकलेट हा चार स्विचचा छोटा कंट्रोलर यूएसबी आणि ब्लूटूथवर चालतो. तो लॅपटॉप-फोनसाठी सोयीचा आहे. काही छोट्या पेडलांवर ३.५ मिमीचा मिडी जॅक असतो, त्यात टाइप ए आणि टाइप बी अशा दोन उलटसुलट वायरिंग आढळतात. २०१८ साली टाइप ए हे प्रमाण ठरले, तरी जुनी पेडले टाइप बीची असू शकतात, तेव्हा लॅमिंग्टन रोडवर केबल घ्यायला जाण्यापूर्वी पेडलचे मॅन्युअल पाहून घ्यावे.

आता आज्ञांकडे वळू. दोनच प्रकार पुरेसे आहेत. प्रोग्रॅम चेंज ही आज्ञा संपूर्ण प्रीसेट बदलते, तर कंट्रोल चेंज ही त्या प्रीसेटमधील एखादा इफेक्ट चालू-बंद करते किंवा एखादी नॉब फिरवते. माझे स्पष्ट मत असे की गाणे बदलताना प्रोग्रॅम चेंज वापरावा आणि गाण्याच्या आत फक्त कंट्रोल चेंज. प्रीसेट बदलताना अनेक उपकरणांत आवाजात क्षणभर खंड पडतो आणि डिलेची शेपटी, म्हणजे विरत जाणारा प्रतिध्वनी, तुटते. दोन गाण्यांच्या मध्ये ते कोणाच्या लक्षात येत नाही, अंतऱ्यातून सोलोत शिरताना मात्र कानाला लगेच खटकते. लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पमध्ये यासाठीच स्नॅपशॉट, म्हणजे एकाच प्रीसेटमधल्या इफेक्टच्या जतन केलेल्या स्थिती, आहेत: ६९ क्रमांकाच्या कंट्रोल चेंजला ०, १ किंवा २ हे मूल्य पाठवले की अनुक्रमे पहिला, दुसरा किंवा तिसरा स्नॅपशॉट लागतो. त्यावर स्वतःचे तीनच फूटस्विच असल्यामुळे चार स्विचचा साधा कंट्रोलर जोडला तरी मोठा फरक पडतो.

प्रोग्रॅम चेंजचे क्रमांक काही उपकरणे ० ते १२७ असे मोजतात, तर काही १ ते १२८ असे. पाचवा प्रीसेट मागितला आणि सहावा लागला, तर दोष या मोजणीचा असतो. मिडी चॅनेल, म्हणजे आज्ञा कोणत्या उपकरणासाठी आहे हे सांगणारे क्रमांक, १६ असतात. कंट्रोलर आणि प्रोसेसर दोन्हीकडे एकच चॅनेल ठेवावे.

प्लगइनशी जुळवण्यापूर्वी कंट्रोलर नेमके काय पाठवतो हे डोळ्यांनी पाहावे. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर ही विनामूल्य साधने त्यासाठी आहेत. विंडोजवर पुष्कळदा एक मिडी पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो, त्यामुळे तपासणी झाल्यावर मिडी-ऑक्स बंद करूनच आपले सॉफ्टवेअर उघडावे. स्विचना क्रमांक देताना २० ते ३१ किंवा १०२ ते ११९ यांतले घ्यावेत, कारण मानकात ते कोणत्याही ठरावीक कामाला दिलेले नाहीत. १२० ते १२७ मात्र टाळावेत, ते ‘सगळे आवाज बंद’ यांसारख्या आज्ञांसाठी राखीव आहेत. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये मिडी लर्न (आलेली आज्ञा ओळखून जोडण्याची सोय) निवडून हवा तो इफेक्ट दाखवावा आणि स्विच दाबावा.

येथे एक गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे. स्विच दोन रीतींनी वागू शकतो: एका रीतीत दाबल्यावर १२७ आणि सोडल्यावर ० जातो, दुसरीत एका दाबाला १२७ आणि पुढच्या दाबाला ० जातो. दुसऱ्या रीतीत कंट्रोलर स्वतःच चालू-बंदची नोंद ठेवतो, परंतु बऱ्याच स्वस्त कंट्रोलरांना प्लगइनची खरी स्थिती कळत नाही. प्रीसेट बदलल्यावर दिवा लागलेला आणि डिस्टॉर्शन बंद, असे होते आणि पहिला दाब फुकट जातो. सॉफ्टवेअर प्रत्येक दाबाला स्थिती उलटवू शकत असेल तर पहिली रीत ठेवावी. नसेल तर सर्व प्रीसेट इफेक्ट बंद ठेवूनच सेव्ह करावेत आणि कंट्रोलरच्या दिव्यापेक्षा पडद्यावर विश्वास ठेवावा.

विलंबाची भीती बाळगण्याचे कारण नाही. पाच पिनांच्या केबलवर मिडी सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जाते, म्हणजे एक कंट्रोल चेंज एक मिलिसेकंदाच्या आत पोहोचते. वाजवताना जो उशीर जाणवतो तो बहुधा ऑडिओ इंटरफेसच्या बफरचा, म्हणजे आवाज थोडा थोडा साठवून पुढे देण्याचा, असतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो. ब्लूटूथ घरी चालेल, पण वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या, शेकडो फोनांनी भरलेल्या सभागृहात मी केबलच लावेन. कंट्रोलर वेल्क्रोने एका फळीवर पक्का करावा, केबल टेपने जमिनीला चिकटवावी, आणि पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवावा, कारण खाडीकाठच्या दमट हवेत स्विचचे संपर्क लवकर गंजतात.

सुरुवातीला चारच कामे ठरवावीत: क्लीन (स्वच्छ आवाज), क्रंच (किंचित फाटका आवाज), सोलो आणि डिले. एक्स्प्रेशन पेडल नंतर घेता येईल. कोणता स्विच कोणता क्रमांक पाठवतो हे कागदावर लिहून कंट्रोलरच्या तळाशी चिकटवावे आणि सेटिंगची प्रत फोनमध्येही ठेवावी.