ओयू आहे, पण शोधात येत नाही: या चुका टाळा

रत्नागिरीत मुख्य कार्यालय आणि देवगड, मालवण व वेंगुर्ले येथे शाखा असलेली एखादी आंबा प्रक्रिया संस्था उदाहरणादाखल घेऊ. तिच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे संगणक आणि वापरकर्ते यांच्या मायक्रोसॉफ्टच्या मध्यवर्ती नोंदवहीत, प्रत्येक शाखेसाठी एक ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजेच ओयू, आहे आणि त्याखाली संगणक, वापरकर्ते यांचे उपविभाग आहेत. व्यवस्थापक स्क्रीनवर हे ओयू पाहू शकतो. स्क्रिप्टने शोधले की मात्र शून्य नोंदी येतात. एलडॅपच्या, म्हणजे डिरेक्टरीत शोध घेण्याच्या ठरावीक पद्धतीच्या, दृष्टीने शून्य नोंदी हे यशस्वी उत्तर असते. सर्व्हर कोणतीही तक्रार करत नाही आणि शोधणारा ‘ओयू अस्तित्वातच नाही’ असा निष्कर्ष काढून त्याच नावाचे दुसरे ओयू भलत्या ठिकाणी तयार करतो. वेगवेगळ्या पालकांखाली एकच नाव चालत असल्याने डिरेक्टरी त्यालाही हरकत घेत नाही. म्हणून त्रुटी दाखवणाऱ्या शोधापेक्षा निमूटपणे रिकामा परतणारा शोध अधिक काळजीपूर्वक तपासावा.

सुरुवातीचे ठिकाण आणि खोली

सर्वाधिक गफलती सर्च बेसमध्ये, म्हणजे शोध जिथून सुरू होतो त्या पत्त्यामध्ये, होतात. डिरेक्टरीतील पूर्ण नाव आपल्या टपालाच्या पत्त्यासारखे लिहायचे असते: आधी घर, मग वाडी, मग गाव, मग तालुका. त्यामुळे देवगड शाखेतील संगणकांचा ओयू ‘ओयू=संगणक,ओयू=देवगड,ओयू=शाखा,डीसी=कोकण,डीसी=लोकल’ असा लिहिला जातो. (‘डीसी’ म्हणजे डोमेनच्या, संस्थेच्या संपूर्ण संगणक-जाळ्याच्या, नावाचा एक तुकडा. घटकांची ‘ओयू’, ‘डीसी’ ही नावे प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावीत.) यातील ओयूंचा क्रम उलटला किंवा मधला एक टप्पा गळला, तर त्रुटी क्रमांक 32 मिळतो, म्हणजे सर्व्हरला ती नोंदच सापडलेली नसते. हा संदेश वाचून सोडून देऊ नये. पत्ता कोणत्या टप्प्यापर्यंत जुळला तेही सर्व्हर त्यासोबत बहुधा सांगतो, आणि चूक त्याच्या लगेच खाली असते.

हाच 32 क्रमांक आणखी एका कारणाने येतो. ‘युझर्स’ आणि ‘कॉम्प्युटर्स’ हे डोमेनसोबत आपोआप येणारे दोन कप्पे ओयू नाहीत. ते कंटेनर आहेत आणि त्यांच्या पत्त्यात ‘ओयू’ऐवजी ‘सीएन’ येते. कंटेनर आणि ओयू दिसायला जवळजवळ सारखेच असल्यामुळे अनुभवी माणूसही येथे फसतो. ओयूंच्या शोधात ते कधीच येणार नाहीत आणि त्यांना ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांना एकदम लागू होणारे नियम) थेट जोडताही येणार नाही. ‘डोमेन कंट्रोलर्स’ मात्र सुरुवातीपासूनच खराखुरा ओयू असतो.

पत्ता बरोबर असूनही नोंदी कमी आल्या, तर स्कोप, म्हणजे शोध किती खोल जातो ते, पाहावा. ‘बेस’ स्कोप फक्त दिलेली नोंद तपासतो. ‘वन लेव्हल’ तिच्या लगेच खालची पातळी पाहतो आणि ती स्वतः वगळतो. ‘सबट्री’ नोंदीसकट खालचे सगळे झाड पाहतो. ‘शाखा’ या ओयूपासून ‘वन लेव्हल’ने शोधल्यास देवगड, मालवण, वेंगुर्ले मिळतील, पण त्यांच्या पोटातील एकही संगणक विभाग मिळणार नाही.

फिल्टर

फिल्टर म्हणजे कोणत्या नोंदी हव्यात याची अट. केवळ ‘ओयू=देवगड’ एवढाच फिल्टर अपुरा असतो, कारण वापरकर्त्याच्या नोंदीतही ‘ओयू’ नावाचा गुणधर्म भरलेला असू शकतो. त्यामुळे ऑब्जेक्टक्लासची, म्हणजे नोंदीच्या प्रकाराची, अट सोबत द्यावी आणि ‘आणि’चे चिन्ह दोन अटींच्या मध्ये न घालता आधी लिहावे: (&(ऑब्जेक्टक्लास=ऑर्गनायझेशनलयुनिट)(ओयू=देवगड)). नावातच कंस असेल, उदाहरणार्थ ‘गोदाम (जुने)’, तर फिल्टरमध्ये उघडणाऱ्या कंसाऐवजी \28 आणि बंद होणाऱ्या कंसाऐवजी \29 लिहावे लागते. स्वल्पविरामाचा नियम वेगळा आहे. तो फिल्टरमध्ये चालतो, पण पूर्ण पत्त्यात त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ हवी. माझ्या मते ओयूच्या नावात कंस आणि स्वल्पविराम घालण्याचा मोह मुळातच टाळलेला बरा.

‘देवगडच्या खालचे सगळे’ मिळवण्यासाठी पूर्ण पत्त्याच्या गुणधर्मावर तारांकन लावण्याची क्लृप्ती अनेक जण करून पाहतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्या गुणधर्मावर अर्धवट जुळणी होत नाही, त्यामुळे उत्तर रिकामे येते. हे काम सर्च बेसचे आहे. देवगड हा बेस द्यावा आणि स्कोप सबट्री ठेवावा.

नाव देवनागरीत ठेवले असेल तर आणखी एक सूक्ष्म अडचण येते. ‘रत्नागिरी’ हे नाव काही कीबोर्डवरून ‘त’ आणि ‘न’ यांच्यामध्ये अदृश्य जोडचिन्ह घेऊन उमटते, तर काहींवरून त्याविना. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखीच, पण एक्सेलच्या यादीशी अक्षरशः तुलना करणाऱ्या प्रोग्रामसाठी ही दोन वेगळी नावे आहेत. रोमन लिपीतही सुटका नाही, कारण मालवण कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. नावाचे एकच रूप ठरवून ते लेखी नोंदवावे.

कोणाला विचारले आणि कोण म्हणून विचारले

सकाळी रत्नागिरीत तयार केलेला ओयू दुपारी मालवणच्या सर्व्हरवर दिसला नाही, तर लगेच क्वेरीला, म्हणजे शोधाच्या आज्ञेला, दोष देऊ नये. दोन साइट्समधील (ठिकाणांमधील) रेप्लिकेशनचे, म्हणजे एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर पोहोचण्याचे, मूळ अंतर 180 मिनिटांचे असते आणि पावसाळ्यात वीज किंवा लाइन गेली की प्रतीक्षा आणखी लांबते. क्वेरीत डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरचे, नाव स्पष्ट देऊन दोन्हीकडची उत्तरे ताडून पाहावीत. ती वेगळी आली तर रेपॲडमिन या साधनाने रेप्लिकेशनची स्थिती तपासावी.

परवानगीची अडचण अशीच अबोल असते. ज्या खात्याला एखादा ओयू वाचण्याचा अधिकार नाही, त्याच्या निकालातून तो ओयू सूचनेविना गळतो. म्हणून प्रशासकाच्या खात्याने यशस्वी झालेली चाचणी सेवा खात्यासाठी (स्क्रिप्ट ज्या खात्याने आपोआप चालते त्यासाठी) ग्राह्य धरू नये. क्वेरी ज्या खात्याने चालणार आहे, त्याच खात्याने ती तपासावी.

निकाल नेमका 1000 नोंदींवर थांबत असेल, तर पेजिंग, म्हणजे निकाल टप्प्याटप्प्याने मागवणे, चालू करावे. ती सर्व्हरची मूळ मर्यादा आहे. ओयूंच्या बाबतीत अशी वेळ क्वचितच येते.

पूर्वी नीट चालणारी स्क्रिप्ट अचानक रिकामी परतू लागली, तर कोणी ओयू हलवला आहे का ते पाहावे. वेंगुर्ले शाखा ‘शाखा’मधून काढून ‘सिंधुदुर्ग’ या नव्या ओयूखाली नेली, की तिचा आणि तिच्याखालील प्रत्येक नोंदीचा पत्ता बदलतो. ऑब्जेक्टजीयूआयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मात्र तोच राहतो. दीर्घकाळ चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा क्रमांक साठवावा आणि पत्ता दर वेळी त्यावरून काढून घ्यावा.