ब्राउझरमध्ये खेळायचा राष्ट्रांचा खेळ कसा रचावा

१९५९ साली ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ बाजारात आला. युरोपातल्या सात सत्ता, ३४ केंद्रं, आणि त्यातली १८ ज्याच्या हाती आली तो जिंकला. फासे नाहीत, नशिबाचा भाग जवळजवळ नाहीच. आधी बोलणी व्हायची, मग प्रत्येकजण आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहायचा आणि सगळ्यांचे कागद एकदम उघडायचे. १९६३ पासून लोक तो पोस्टानंही खेळू लागले. एकेक डाव महिनोन्‌महिने चालायचा, तरी लोक टिकून राहायचे. कारण एकट्याच्या बळावर कुठलीच सत्ता फार पुढे जात नाही. शेजाऱ्याचा पाठिंबा लागतो, आणि त्यानं शब्द पाळला की नाही हे कागद उघडल्यावरच कळतं.

अनेकांनी मिळून ब्राउझरमध्ये खेळायचा राष्ट्रांचा खेळ रचायला बसलात, की नकाशा आणि लढाईचा कोड बाजूला ठेवून आधी याच गोष्टीचा विचार करा. तुमच्या खेळात माणसाला माणसाची गरज पडते का? पडत नसेल, तर शंभर प्रकारच्या तोफा घालूनही तो खेळ आकडे वाढवण्याचा एकांडा उद्योगच राहील.

आधी कागदावर खेळून बघा

सहा-आठ मित्रांना एका रविवारी बोलवा. प्रत्येकाला एक राष्ट्र द्या. धान्य, लोखंड आणि लाकूड एवढ्या तीनच गोष्टी पुरेत, पण कुठल्याही राष्ट्राकडे तिन्ही भरपूर नकोत. डोंगराळ राष्ट्राला दर फेरीला ३० लोखंड आणि ५ धान्य, नदीकाठच्याला बरोबर उलट. सैन्य उभं करायला लोखंड लागेल आणि पोसायला धान्य. चिठ्ठ्यांवर हुकूम लिहा, पंधरा मिनिटांची एक फेरी धरा.

खेळ चालू असताना नियमांकडे नाही, माणसांकडे बघा. कोणी जागेवरून उठून दुसऱ्याला कोपऱ्यात घेऊन कुजबुजतंय का? तीन फेऱ्या झाल्या तरी सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले असतील, तर तुटवडा कमी पडतोय. आकडे बदला आणि पुन्हा खेळा. हे काम इथे एका दुपारी होतं. कोड लिहून झाल्यावर त्यालाच महिना लागतो.

वेळेचा नियम ठरवा

माझ्या मते या जातीच्या खेळात हाच सगळ्यात मोठा निर्णय. ‘ओगेम’ (२००२) आणि ‘ट्रॅव्हियन’ (२००४) या जर्मनीत तयार झालेल्या खेळांत सगळं घड्याळाबरोबर चालतं. इमारतीला तास लागतात, आणि हल्ला पहाटे तीनलाही येऊन पोहोचतो. त्यात थरार आहे, पण जो झोपतो तो हरतो. नोकरी करणारा, परीक्षा असलेला, घरी लहान मूल असलेला माणूस अशा खेळात टिकत नाही. २००२ च्याच ‘नेशनस्टेट्स’नं वेगळी वाट धरली. तिथे रोज मोजके धोरणाचे पेच समोर येतात, आपण निर्णय देतो आणि कामाला लागतो.

मधला मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो. कोठार तासागणिक भरत राहू द्या, पण युद्धाचे आणि तहाचे हुकूम रोज एका ठरल्या वेळी एकदमच उघडा. भारतातली रात्री दहाची वेळ धरली, तर उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या मराठी खेळाडूकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, लंडनमध्ये संध्याकाळचे साडेपाच. दोघांनाही जमतं. डेटाबेसमध्ये मात्र वेळ नेहमी यूटीसीतच, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, साठवा आणि दाखवताना ज्याच्या-त्याच्या गावची करा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वर्षातून दोनदा घड्याळं सरकतात, आपल्याकडे नाही. त्या आठवड्यात गोंधळ झाला की खेळाडूंचा विश्वास जातो.

वाढीला लगाम घाला

आधी आलेला कायमचा पुढे, हा या खेळांचा जुना रोग. त्यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक पुढची गोष्ट आधीच्यापेक्षा ठरावीक टक्क्यांनी महाग करणं. पहिलं शेत १०० मोहरांचं आणि पुढचं प्रत्येक १५ टक्क्यांनी महाग धरा. दहावं शेत ३५२ ला पडतं, विसावं १,४२३ ला, तिसावं ५,७५८ ला. एका शेतातून तासाला ५ मोहरा येत असतील, तर पहिल्याचे पैसे २० तासांत वसूल होतात आणि तिसाव्याला ४८ दिवस लागतात. नवा खेळाडू भराभर वर येतो, जुन्याला शेतांपेक्षा मैत्रीत गुंतवणूक करणं परवडतं. स्प्रेडशीटमध्ये साठ दिवसांचा हिशेब मांडा. एक आळशी राष्ट्र, एक हावरट राष्ट्र आणि पंधरा दिवस उशिरा आलेलं एक, असे तिघे धावू द्या.

हल्ल्यालाही मर्यादा हवी. आपल्या बळाच्या तीन-चतुर्थांश ते चार-तृतीयांश या टप्प्यातल्या राष्ट्रावरच चाल करता येईल, असा नियम ठेवा. हे दोन अपूर्णांक एकमेकांचे व्यस्त आहेत, आणि तेच महत्त्वाचं. १०० बळाचं राष्ट्र ७५ वाल्यावर चालून जाऊ शकतं, तर ७५ वाल्यालाही १०० वर उलटून वार करता येतो. ज्याला मारता येतं पण जो परत मारू शकत नाही, तो दोन दिवसांत खेळ सोडतो. नव्यांना पहिले पाचेक दिवस अभय द्या. मात्र त्यानं स्वतः हल्ला केला, की अभय संपलं.

आता कोड

पीएचपी, पायथन, प्रोग्रॅमिंगची जी भाषा येते ती घ्या. एक साधा डेटाबेस पुरतो. चार गोष्टी मात्र सोडू नका.

ब्राउझरवर कधीही विश्वास ठेवू नका. खेळाडूचं पान फक्त ‘मला शेत बांधायचं आहे’ एवढं सांगेल. किंमत किती, पैसे आहेत का, हे सर्व्हर ठरवेल.

कोठारातला आकडा दर मिनिटाला वाढवत बसू नका. शेवटचा साठा, शेवटची वेळ आणि ताशी उत्पन्न एवढंच साठवा. साठा १,२००, उत्पन्न ताशी ४०, मध्ये साडेसात तास गेले, म्हणजे आता १,५००. कोणी पान उघडलं की तेवढ्यापुरता हिशेब करा आणि कोठाराच्या मापाशी थांबवा.

खर्च डेटाबेसला दिलेल्या एकाच हुकमात करा: ‘खजिन्यात किमान ५०० असतील तरच ५०० वजा कर.’ आधी तपासून मग वेगळ्या हुकमानं वजा केलंत, तर दोन टॅब उघडून एकाच वेळी बटण दाबणारा तेच ५०० दोनदा खर्च करेल. असा खेळाडू पहिल्या आठवड्यातच भेटतो.

रात्री दहाचा निकाल एकाच व्यवहारात लावा, म्हणजे सगळा लागेल किंवा काहीच लागणार नाही. प्रत्येक हुकूम आणि त्याचा परिणाम नोंदवहीत राहू द्या. हरलेला माणूस ‘असं कसं झालं?’ विचारणारच, आणि त्याला उत्तर मिळणं हा त्याचा हक्क आहे.

मराठी नावं

राष्ट्राला मराठी नाव देता यावं यासाठी थोडी जास्त मेहनत घ्या. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे अक्षर वापरून, किंवा साध्या र् नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, डेटाबेसला वेगळं. म्हणजे कोणीही दुसरं ‘कऱ्हाड’ काढून पहिल्याच्या नावानं तह करू शकतो. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत, ही जोडी एक करत नाही. नाव वेगळं आहे का हे तपासण्याआधी असे पर्याय तुम्हालाच एका रूपात आणावे लागतील.

लबाडी आणि फितुरी यांतली रेघ

खेळात दिलेला शब्द मोडणं हा खेळाचाच भाग आहे. एकानं दहा खाती काढून नऊंचा खजिना दहाव्यात ओतणं ही लबाडी. ती आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, पकडू नका. मोबाइल नेटवर्कवर आणि वसतिगृहाच्या वायफायवर अनेकांना एकच पत्ता असतो, त्यात निरपराध मुलं बाहेर फेकली जातील. त्यापेक्षा एकतर्फी देणग्या शोधा, आणि नव्या खात्याला पहिला आठवडा मदत पाठवायला मनाई करा. जात, धर्म किंवा घरच्यांवरून शिवीगाळ, खऱ्या आयुष्यातल्या धमक्या यांना थारा नको. तक्रारीचं बटण पहिल्या दिवसापासून ठेवा आणि तक्रार वाचायला माणूस ठेवा.

ताकद पैशानं विकू नका. झेंड्याची नक्षी विकली तर कोणाचं नुकसान नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या वाटेला तर जाऊच नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं तसे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत.

पहिली फेरी

चाळीस-पन्नास जणांसह सुरुवात करा, आणि खेळ कधी संपणार हे आधीच जाहीर करा. साठ दिवस ठीक. ‘ट्रॅव्हियन’मध्ये विश्वाश्चर्य नावाची भव्य इमारत १०० व्या पातळीला नेली की फेरी संपते आणि नवी सुरू होते. त्यामुळे हरलेल्यालाही पुन्हा उभं राहायला जागा मिळते. फेरी संपली की सगळे गुप्त हुकूम आणि तहाची पत्रं सर्वांसाठी खुली होतील, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मग कोणी कोणाला कधी फसवलं ते वाचायला सगळे परत येतात, आणि तिथेच पुढच्या फेरीच्या युत्या ठरायला लागतात.