जुन्या मारुती ८०० खाली ऑईल पडतंय? पॅकिंग बदलायच्या आधी गळती शोधा

सकाळी गाडी काढली की फरशीवर काळा डाग, आठवड्याने डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघितली तर ऑईल उतरलेलं, आणि गॅरेजला नेली की न बघताच उत्तर मिळतं, चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याचं, पॅकिंग गेलंय. आमच्याकडे वडिलांची १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, तिचं चेंबर पॅकिंग असंच दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा महिनाभरात डाग परत सुरू. शेवटी एका रविवारी इंजिन धुऊन स्वतः शोधलं तर ऑईल येत होतं वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून, आणि ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या कडेला जमून तिथून थेंब पडत होते. म्हणजे दोनदा पैसे गेले ते जिथे थेंब पडतो त्या जागेवर, जिथून निघतो त्या जागेवर नाही. ऑईल खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे शोधायची ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

सगळ्यात आधी हे इंजिन ऑईलच आहे ना ते बघा. रात्री खाली एक मोठा पुठ्ठा ठेवा आणि पुढची चाकं कुठे येतात ते त्यावर पेनाने मार्क करा, सकाळी डाग नेमका कशाखाली पडलाय ते कळतं. इंजिन ऑईल तपकिरी-काळं असतं, गिअर ऑईल जास्त जाड आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, कूलंट रंगीत आणि पाण्यासारखा पातळ, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट काही दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं, तसं असेल तर गाडी चालवूच नका. डिपस्टिकवर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आहे का तेही बघा, जास्त भरलेलं ऑईलसुद्धा सीलमधून बाहेर यायला लागतं.

मग धुणं. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळं निदान यावरच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग), अल्टरनेटर आणि कार्बोरेटरला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, डिग्रीजर (तेलकटपणा काढायचं औषध) मारून जुन्या ब्रशने घासा आणि फडक्याने अगदी कोरडं होईपर्यंत पुसा. डिग्रीजर नसेल तर थोडं डिझेल चालतं पण टायमिंग बेल्टच्या बाजूला ते जाऊ देऊ नका, रबर खराब होतं. पेट्रोलने इंजिन कधीच धुऊ नका, एका ठिणगीत आग लागते.

कोरड्या इंजिनवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा, टॅपेट कव्हरची कड, डिस्ट्रिब्युटर बसतो ती जागा, ऑईल फिल्टरच्या भोवती, चेंबरची कड. पिशव्या काढा, बॅटरी जोडा, गाडी मोकळ्या हवेत उभी करून १५ मिनिटं चालू ठेवा आणि टॉर्चने बघत राहा, हात आणि बाह्या फॅन-बेल्टपासून लांब. पांढऱ्या पावडरवर काळी ओळ उमटते, ती जिथून सुरू होते तिथे गळती. काहीच दिसलं नाही तर ५-७ किलोमीटर फिरवून या आणि परत बघा. खालून बघायचं असेल तर फक्त जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, घोडी (गाडीला खालून आधार देणारा लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा.

टॅपेट कव्हर गळत असेल तर घरी जमण्यासारखं काम आहे. परत बॅटरीची वायर काढा, एअर फिल्टर आणि ब्रीदरचा (इंजिनमधला गॅस बाहेर नेणारा) पाईप काढा, बोल्ट खोला, कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने हलकं ठोका, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका कारण त्याखालचं इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ओरखडा पडला की तिथूनच नवीन गळती सुरू. जुनं रबर आणि सिलिकॉन नखाने नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने काढा, कचरा आत पडू देऊ नका. नवीन पॅकिंग बसवताना बोल्टखालचे रबरी वॉशरही नवीनच घ्या, बरेच जण जुनेच लावतात आणि मग तिथून झिरपतं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात, हरभऱ्याएवढं, कारण जास्त लावलेलं आत सुटून ऑईलच्या जाळीत अडकतं. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने अशा क्रमाने दोन-तीन फेऱ्यांमध्ये हलक्या हाताने आवळा, जोर लावला की पॅकिंग दबून फाटतं आणि कव्हर वाकतं. सिलिकॉनच्या ट्यूबवर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा थांबून मगच इंजिन सुरू करा.

ड्रेन बोल्टपाशी (चेंबरखालचा, ऑईल काढायचा बोल्ट) ओलं असेल तर बहुतेक वेळा वॉशरच बदलायचा असतो. ऑईल फिल्टरपाशी असेल तर जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकलाच चिकटून राहिलंय का बघा, दोन रबरं एकावर एक आली की ऑईल बाहेर येतंच. ऑईलच्या लाल दिव्याचा प्रेशर स्विच गळत असेल तर तो बदलायचा, स्वस्त पार्ट आहे. डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगचं (गोल रबरी रिंगचं) काम करताना काढायच्या आधी त्याची जागा खुणेने मार्क करा, नंतर टायमिंग तपासून घ्या.

टायमिंग बेल्टच्या कव्हरखालून ऑईल येत असेल तर कॅम सील किंवा पुढचं क्रँक सील (कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टच्या टोकाची रबरी सीलं) गेलंय आणि ते लांबवू नका, ऑईलने भिजलेला बेल्ट लवकर जातो, म्हणून सीलसोबत बेल्टही बदला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं असेल आणि वरची सगळी बाजू कोरडी असेल तर मागचं क्रँक सील, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम चांगल्या मेकॅनिककडेच द्या आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या.

नवीन पॅकिंग घालूनही दोन-तीन ठिकाणांहून एकदम गळायला लागलं तर ब्रीदरचा पाईप तुंबलाय का ते आधी बघा. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली येतोच, त्याला बाहेर जायला वाट नसली की आतला दाब सीलमधून ऑईल ढकलतो. पाईप काढून आतून साफ करा. तरीही चालू इंजिनवर ऑईलचं झाकण हळूच उघडल्यावर जोरात धूर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तिथे कितीही सील बदलले तरी उपयोग नाही, आणि बाजारात मिळणारी गळती थांबवायची औषधं तर त्याआधीही ओतू नका, ती रबर फुगवून थोडे दिवस डाग थांबवतात आणि कारण तसंच राहतं.

एक मात्र ताबडतोब करायचं. जळक्या ऑईलचा वास आला किंवा बॉनेटमधून धूर दिसला तर ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतंय, गाडी तिथेच थांबवा. आणि प्रवासात ऑईलचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा, पुढच्या पंपापर्यंतसुद्धा नेऊ नका.

काम झाल्यावर १०० किलोमीटरनंतर तोच पुठ्ठा परत खाली ठेवा आणि डिपस्टिक बघा. काढलेलं जुनं ऑईल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तिथे ते ड्रममध्ये साठवतात.