संख्यांचा क्रम आपल्या नियमाने कसा लावावा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या बारा मजली इमारतीत गळतीची तपासणी ठरली, तेव्हा प्लंबरसाठी काढलेली फ्लॅटची यादी संगणकाने 101, 203, 702, 1201, 1203 अशी सरळ चढत्या क्रमाने दिली. सांडपाण्याचे पाइप उभ्या लाइनीने खाली उतरत असल्यामुळे प्लंबरला मात्र एका लाइनीतील सर्व फ्लॅट वरून खाली सलग तपासायचे होते.

अशा वेळी कोड लिहिण्यापूर्वी नियम साध्या मराठीत मांडावा: आधी लाइन चढत्या क्रमाने, लाइन तीच असेल, तर मजला उतरत्या क्रमाने. फ्लॅट क्रमांकाला 100 ने भागले की भागाकार मजला सांगतो आणि बाकी लाइन सांगते. 1203 म्हणजे बारावा मजला, तिसरी लाइन.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत क्रम लावणाऱ्या ‘सॉर्टेड’ या तयार आज्ञेला ‘की’, म्हणजे क्रमाचा निकष, म्हणून आपले फंक्शन (कोडचा छोटा तुकडा) देता येते. ते प्रत्येक संख्येसाठी एकदाच चालते आणि त्याने परत केलेल्या किमतींवरून क्रम लागतो. मूळ संख्या जशाच्या तशा राहतात. आपल्या फंक्शनने बाकी आणि उणे केलेला भागाकार अशी जोडी परत करावी. जोड्यांची तुलना करताना पहिला घटक सारखा असेल तरच दुसरा पाहिला जातो. 1203 ची जोडी (3, -12) आणि 203 ची (3, -2) होते. -12 ही -2 पेक्षा लहान असल्याने बारावा मजला आधी येतो. यादी 1201, 101, 702, 1203, 203 अशी लागते, आणि प्लंबरला हवी होती ती हीच.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत अधिक सावध राहावे लागते. तेथे नियम न देता ‘सॉर्ट’ वापरल्यास संख्यांची तुलना मजकुराप्रमाणे, म्हणजे डावीकडून एकेक अंक पाहून होते आणि 1201 हा 203 च्या आधी येतो. म्हणून दोन संख्यांची तुलना करणारे फंक्शन द्यावे, ज्याने पहिली आधी यायची असल्यास ऋण, नंतर यायची असल्यास धन आणि क्रमाने फरक पडत नसल्यास शून्य परत करावे. केवळ खरे किंवा खोटे परत करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. त्यामुळे क्रम बिघडतो.

इमारतीला अनेक विंग असतील आणि विंगची अक्षरे उतरत्या क्रमाने हवी असतील, तर अक्षराला उणे चिन्ह लावता येत नाही. पायथॉनचे सॉर्टिंग स्थिर असते, म्हणजे बरोबरीच्या नोंदींचा आधीचा क्रम ते मोडत नाही. म्हणून आधी वरील जोडीने क्रम लावावा आणि मग त्याच यादीवर विंगनुसार उलटा क्रम लावावा.