विंडोजवर चालतं, उबुंटूवर उघडत नाही? आधी एरर बाहेर काढा

जळगाव-भुसावळकडे बरेच जण पायथन आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून केळीच्या व्यापाऱ्यांना वजन-बिलाचं सॉफ्टवेअर करून देतात, बनवतात विंडोजवर, आणि तिकडे सावद्याच्या ऑफिसात जुन्या पीसीवर कोणीतरी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून ठेवलेलं असतं, मग फोन येतो "भाऊ, उघडूनच नाही राहिलं". लगेच कोडात हात घालू नका, "उघडत नाही" ही काही एरर नाही.

डबल क्लिक सोडा, टर्मिनलमधून चालवायला सांगा आणि जे छापलं जाईल त्याचा फोटो मागवा. विंडोजवर पायइन्स्टॉलरने (पायथन कोडाचा चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल) कन्सोल, म्हणजे मेसेज दिसायची काळी खिडकी, बंद करून बिल्ड केलं असेल तर प्रिंट केलेलं काहीच दिसत नाही, टेस्टिंगपुरता कन्सोल चालू ठेवा, आणि लॉग फाइल तर कायमची ठेवाच.

उबुंटूवर बहुतेक वेळा एक्ससीबी प्लगइन (लिनक्सवर क्यूटीची खिडकी दाखवणारा भाग) लोड झालं नाही असं येतं, आणि लोकं अख्खं क्यूटी काढून परत टाकत बसतात. गरज नाही. क्यूटी_डीबग_प्लगइन्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करून परत चालवा, नेमकी कोणती लायब्ररी सापडत नाहीये तिचं नाव तिथेच येतं. क्यूटी 6.5 पासून एक्ससीबी-कर्सरची लायब्ररी लागते, ती एपीटीने (उबुंटूची इन्स्टॉल करायची कमांड) टाकली की बऱ्याचदा काम होतं. जीलिबसीचं (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) व्हर्जन सापडत नाही असं आलं तर बिल्ड नव्या उबुंटूवर झालंय, उबुंटू 22.04 वर जीलिबसी 2.35 आहे आणि 20.04 वर 2.31, म्हणजे गिऱ्हाईकाकडचं जे सगळ्यात जुनं असेल त्याच्यावर बिल्ड करायचं.

आयकॉन गायब? फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा, विंडोज चालवून घेतं, लिनक्स नाही.

उलटा प्रकार एन्कोडिंगचा, हा जास्त फसवा आहे. गावांची यादी यूटीएफ-8 मध्ये सेव्ह केलीये आणि ओपन करताना एन्कोडिंग दिलं नाही, तर लिनक्सवर सगळं मस्त, पण विंडोजवर पायथन 3.14 पर्यंत सिस्टमचं कोडपेज (कोणत्या बाइटला कोणतं अक्षर, याचा तक्ता) धरतं, आपल्याकडे सहसा सीपी1252. मग यादीत नुसतं "रावेर" असेल तर कचरा अक्षरं दिसतात पण प्रोग्राम चालतो, आणि "न्हावी" टाकलं की डीकोड एरर येऊन बंद, कारण हलंताच्या शेवटच्या बाइटला त्या कोडपेजमध्ये अक्षरच नाही. म्हणून जोडाक्षरवाली नावं घेऊनच टेस्ट करा, आणि एन्कोडिंग दरवेळी लिहा.

काटा जोडलेला असेल तर अजून दोन गोष्टी. वजन वाचणाऱ्या थ्रेडमधून (मागे वेगळं चालणारं काम) स्क्रीनवरचं लेबल थेट बदलू नका, विंडोजवर ते चालल्यासारखं वाटतं आणि दुसरीकडे क्रॅश होतं, त्याऐवजी क्यूटीचा सिग्नल पाठवा. आणि कॉम3 (विंडोजवरचं काट्याच्या पोर्टचं नाव) कोडात पक्कं लिहू नका, उबुंटूवर पोर्टचं नाव वेगळं असतं आणि युजर डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला ग्रुप) नसेल तर परमिशन डिनाइड येतं. ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा, नाहीतर परत फोन येईल.